रिकाम्या खोल्यांच्या किल्ल्या सांभाळणाऱ्यांना खुले पत्र

सप्रेम नमस्कार,

ज्यांच्या टेबलाच्या खणात किंवा भिंतीवरच्या खुंटीला एखाद्या न वापरल्या जाणाऱ्या खोलीची किल्ली लटकते आहे, त्या सगळ्यांना हे पत्र. ग्रंथालयांचे कार्यवाह, शाळांचे मुख्याध्यापक, रुग्णालयांचे व्यवस्थापक, बंद पडलेल्या दुकानांचे आणि गोदामांचे मालक, मोठ्या इमारतींच्या समित्या. तुम्ही एकमेकांना ओळखत नाही. पण मला तुमच्याकडून आलेली उत्तरं एकमेकांशी इतकी जुळतात, की तुम्ही एखाद्या गुप्त संघटनेचे सभासद असावेत अशी शंका येते.

महिन्यापूर्वी तुमच्यापैकीच एका संस्थेला मी अर्ज दिला. तिसऱ्या मजल्यावरची टोकाची खोली, दोन खिडक्या, आत मोडक्या खुर्च्यांची चळत, एक बंद पडलेलं घड्याळ. ती खोली मला आणि माझ्या दोन मित्रांना बारा दिवस चित्रं लावायला हवी होती. उत्तर वेळेवर आलं, सभ्य भाषेत, जावक क्रमांकासकट. "सदर जागा कलाप्रदर्शनासाठी योग्य नाही. आपण एखाद्या कलादालनाशी संपर्क साधावा."

नकाराची मला सवय आहे. चित्रकाराच्या घरात नकारांची फाइल वीजबिलांच्या फाइलपेक्षा जाड असते. पण त्या "योग्य" या शब्दापाशी मी अडले ती अजून तिथेच आहे, म्हणून हे लांबलचक पत्र.

योग्य जागा म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं ते मला ठाऊक आहे. पांढऱ्या भिंती, गुळगुळीत फरशी, छताच्या पट्टीवरून नेमका चित्रावर पडणारा प्रकाश, आणि दाराजवळच्या टेबलामागे बसलेलं, मान वर न करणारं कुणीतरी. ही खोली सृष्टीच्या आरंभापासून चालत आलेली नाही. पॅरिसच्या सरकारी 'सलों' प्रदर्शनात एकोणिसाव्या शतकात चित्रं जमिनीपासून छतापर्यंत, चौकटीला चौकट भिडवून लावत. ज्याचं नशीब खोटं त्याचं चित्र छताला टेकायचं. न्यूयॉर्कचं म्युझियम ऑफ मॉडर्न आर्ट १९२९ साली उघडलं, तेव्हा तिथले पहिले संचालक आल्फ्रेड बार यांनी चित्रं डोळ्यांच्या पातळीवर आणि दोन चित्रांमध्ये ऐसपैस जागा सोडून लावायला सुरुवात केली. त्या वेळीही भिंतींवर पांढरा रंग नव्हता, फिक्या रंगाचं कापड होतं. पांढरा रंग पुढे सावकाश आला आणि मग असा काही पक्का झाला, की १९७६ मध्ये ब्रायन ओडॉहर्टी या कलावंत-समीक्षकाने या खोलीवर निबंधच लिहिले. त्यांनी तिला 'पांढरा घन' म्हटलं. बाहेरचं जग आत येऊ नये अशी तिची रचना, खिडक्या झाकलेल्या, वेळ कुठली ते कळू नये. अशा खोलीत भिंतीवरचा आग विझवायचा पाइपसुद्धा कलाकृती वाटायला लागतो, हे त्यांचं निरीक्षण मला फार आवडतं. मी स्वतः एकदा एका मोठ्या दालनात आर्द्रता मोजायच्या यंत्रासमोर दोन मिनिटं गंभीर चेहऱ्याने उभी राहिले आहे.

म्हणजे "योग्य जागा" ही कल्पना जेमतेम शंभर वर्षांची. आणि त्या पांढऱ्या खोल्यांत आज जे मानाने टांगलेलं आहे त्यातलं बरंचसं आधी कुठे दिसलं, ते पाहा.

१८७४ च्या एप्रिलमध्ये मोने, देगा, रन्वार, पिसारो, बर्थ मोरिझो वगैरे तीसएक चित्रकारांनी पॅरिसमध्ये आपलं आपण प्रदर्शन भरवलं. जागा कुठली? नादार नावाच्या प्रसिद्ध छायाचित्रकाराने सोडलेला स्टुडिओ. बुलेव्हार दे कापुसिनवर, वरच्या मजल्यावर. भिंती पांढऱ्या नव्हत्या, तांबूस तपकिरी होत्या. महिनाभर प्रदर्शन चाललं, साडेतीन हजारांच्या आसपास लोक आले. सलोंला लाखांनी गर्दी व्हायची, त्या मानाने हा आकडा किरकोळ. एका समीक्षकाने मोनेच्या सूर्योदयाच्या चित्राच्या नावावरून टिंगल केली आणि त्या टिंगलीतून एका अख्ख्या चळवळीला 'इम्प्रेशनिझम' हे नाव मिळालं. ही गोष्ट सगळ्यांना पाठ असते, त्यामुळे ती मी इथेच सोडते. मला त्या प्रदर्शनातली दुसरीच एक गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते, जी फारसं कुणी सांगत नाही. ते दिवसा तर उघडं असायचंच, पण संध्याकाळी आठ ते दहा पुन्हा उघडायचं.

आठ ते दहा! म्हणजे दुकानातला, कचेरीतला, छापखान्यातला माणूस काम आटोपून येऊ शकत होता. दालनं आजही बहुतेक ठिकाणी लोकांच्या कामाच्या वेळेतच उघडी असतात, म्हणजे काम करणाऱ्याला ती बंदच. रिकाम्या जागेला असा ठरलेला शिरस्ता नसतो. तिची वेळ आपण ठरवू शकतो. भिंतीच्या रंगापेक्षा मला हे स्वातंत्र्य मोठं वाटतं, आणि तुमच्याकडे खोली मागताना मी खरं म्हणजे हेच मागत असते.

आता माझा एक अनुभव. काही वर्षांपूर्वी एका ग्रंथालयाने (त्यांचे आभार मी तेव्हाही मानले होते) वाचनकक्षाच्या भिंती आम्हाला वापरायला दिल्या. अट एकच, वाचन बंद होणार नाही. सुरुवातीला आम्हाला हीच अट जाचक वाटली. चित्रांसमोर टेबलं, टेबलांवर वर्तमानपत्रं, वर्तमानपत्रांमागे माणसं. चित्राच्या जवळ जायचं तर कुणाच्या तरी खांद्यावरून वाकावं लागणार. माझं एक मोठं चित्र, राखाडी आणि गेरूच्या रंगातलं, खिडकीशेजारी लागलं. त्याच्या खाली रोज एक गृहस्थ बसत. सकाळी येत, तीन वर्तमानपत्रं शेवटच्या पानापासून वाचत आणि जात. चित्राकडे त्यांनी पाहिलेलं मी एकदाही पाहिलं नाही. बाराव्या दिवशी आम्ही चित्रं उतरवायला शिडी घेऊन आलो, तेव्हा ते उठून आले आणि म्हणाले, "हे काढताय? या डाव्या कोपऱ्यात उजेड सकाळी दहानंतर वेगळा दिसतो, तो तुम्ही मुद्दाम केलाय का?"

मी मुद्दाम केलेला नव्हता. मला ते माहीतच नव्हतं. चित्र माझं, पण बारा सकाळी त्याच्या सहवासात त्यांनी काढल्या होत्या, मी नाही. दालनात लोक एका चित्रापुढे किती थांबतात ते कोपऱ्यात उभं राहून मोजून पाहा. तुम्ही दहा म्हणेपर्यंत पाय पुढे सरकलेले असतात. त्यांचा दोष नाही. तिथे चित्र बघण्याखेरीज दुसरं काही करायची सोय नसते, आणि नुसतं बघत राहणं माणसाला अवघडवतं. वाचनकक्षात त्या गृहस्थांना बघण्याची सक्ती नव्हती, म्हणून ते बघू शकले.

ब्रिटनमध्ये केंब्रिजला जिम ईड नावाच्या माणसाला हे फार आधी उमगलं होतं. त्यांनी १९५७ पासून आपलं घरच दुपारी विद्यार्थ्यांना मोकळं करून दिलं. बेन निकल्सनची चित्रं, गोदिए-ब्झेस्काची शिल्पं, समुद्रकाठचे वाटोळे गोटे आणि जुनं फर्निचर, सगळं एकाच मानाने मांडलेलं. चित्रांखाली चिठ्ठ्या नाहीत. खुर्च्या बसायला. शिवाय विद्यार्थ्यांना चित्रं खोलीवर न्यायला मिळत. ईड यांनी १९६६ मध्ये घर विद्यापीठाला देऊन टाकलं, 'केटल्स यार्ड' या नावाने ते आजही पाहता येतं. परीक्षेच्या दिवसांत पलंगाच्या वर एखादं खरंखुरं चित्र असलेल्या त्या पोरांचा मला मनापासून हेवा वाटतो.

तुम्ही म्हणाल, पण माणसं किती येणार? टोकाच्या खोलीत, तिसऱ्या मजल्यावर? १९९१ मध्ये हान्स उलरिच ओब्रिस्ट या तरुणाने स्वित्झर्लंडमधल्या सांक्ट गालन इथे आपल्या राहत्या घरातल्या स्वयंपाकघरात प्रदर्शन भरवलं. तो तिथे स्वयंपाक कधी करायचाच नाही, तेव्हा जागा रिकामीच होती. ख्रिस्तियान बोल्तान्स्कीने भांडी धुवायच्या जागेखालच्या कपाटात मेणबत्तीची प्रतिमा प्रक्षेपित केली, दाराच्या फटीतून दिसेल अशी. फिश्ली आणि वाइस या जोडीने वरच्या कपाटात राक्षसी आकाराची डबे-पाकिटं रचली. हान्स-पेटर फेल्डमनचा विभाग चक्क फ्रिजमध्ये. तीन महिन्यांत एकोणतीस माणसं आली. एकोणतीस! त्यांनी पाहिलं, ते इतरांना सांगितलं, आणि आज जगभरच्या कलाशाळांत त्या स्वयंपाकघराचं नाव निघतं. तेव्हा उपस्थितीची वही कोरी राहील म्हणून तुम्ही माझ्या वतीने काळजी करू नका. ती मी करीन.

(अर्थात प्रत्येक रिकाम्या स्वयंपाकघरातून इतिहास घडत नाही. आमच्यापैकी बहुतेकांच्या प्रदर्शनाला एकोणतीस माणसं येतात आणि ती एकोणतीसच राहतात. तरीही चालेल.)

जागा मिळाल्यावर तिचं काय करायचं, यावर आम्हा चित्रकारांतही दोन तट आहेत आणि मी कुठल्या बाजूची आहे ते लपवत नाही. १९८८ मध्ये लंडनच्या गोदी भागातल्या एका रिकाम्या सरकारी इमारतीत डेमियन हर्स्ट धरून सोळा तरुण कलावंतांनी 'फ्रीझ' हे प्रदर्शन केलं. ते गाजलं आणि त्यातल्या कितीजणांची आयुष्यं बदलली. पण त्याची छायाचित्रं पाहिली की वाटतं, या मुलांनी रिकामी इमारत घेतली ती दालनासारखी दिसावी म्हणून. स्वच्छ, पांढरी, रुबाबदार. दाखवायची होती ती चित्रं, आणि हेही, की आम्हालाही दालन जमतं.

त्याच्या बारा वर्षं आधी न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात अलाना हाइस यांनी याच्या उलट केलं. एकोणिसाव्या शतकातली एक सरकारी शाळा वर्षानुवर्षं ओस पडली होती. पोपडे सुटलेले, फळ्या कुजलेल्या. जून १९७६ मध्ये तिथे 'रूम्स' हे प्रदर्शन झालं, अठ्ठ्याहत्तर कलावंतांचं. वर्गखोल्या, जिने, स्वच्छतागृहं, तळघर, माळा, ज्याला जी जागा भावली ती त्याने घेतली. गॉर्डन मॅटा-क्लार्कने जमिनी कापून एका मजल्यातून दुसरा दिसेल असं केलं. अॅलन सॅरेटने वरच्या मजल्यावरच्या विटांच्या भिंतीला भोक पाडलं आणि त्यातून येणारा उन्हाचा झोत हीच कलाकृती. पोपडे कुणी खरवडले नाहीत. ही शाळा पुढे 'पी. एस. वन' म्हणून नावारूपाला आली, २००० मध्ये म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टशी जोडली गेली.

माझं मत सॅरेटच्या भोकाच्या बाजूने. तुमच्या भिंती कापायची मला इच्छा नाही, धास्तावू नका. एवढंच म्हणते, की तुम्ही त्या खोलीला आमच्यासाठी नवा रंग द्यायला जाऊ नका. तुम्ही चांगुलपणाने ते करता. पण रंग दिलात की तीच आधीची खोली राहत नाही, आणि मग आम्हीही तिथे तीच चित्रं लावतो जी कुठेही लावली असती. मोडक्या खुर्च्यांची चळत, बंद घड्याळ, भिंतीवर जिथे पूर्वी फळा होता तिथला फिकट आयत, हे पाहूनच तर मी अर्ज केला होता.

एक गोष्ट मात्र कबूल करते, तुमचं "योग्य नाही" हे सगळंच खोटं नसतं. एका बंद दुकानात आम्ही कागदावरची कामं लावली होती. भिंत हाताला कोरडी लागली, म्हणून आम्ही खूश. तिसऱ्या आठवड्यात चौकटीच्या काचेआड कागद लाटांसारखा फुगला आणि एका जलरंगावर खालच्या कडेने बुरशीचे करडे ठिपके चढले. भिंतीत ओल होती, मागच्या बाजूने. तेव्हापासून मी भिंतीला प्लॅस्टिकचा चौकोन चिकटवून दोन दिवस ठेवते. काढताना आतून थेंब दिसले तर त्या भिंतीला नमस्कार. चौकटीच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावते, म्हणजे भिंत आणि चित्र यांच्यात हवा खेळते. उन्हाचंही तसंच. कागदावरच्या कामासाठी संग्रहालयं साधारण पन्नास लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) वर उजेड पडू देत नाहीत, तैलचित्राला दोनशेपर्यंत चालतो. खिडकीतून येणारं थेट ऊन याच्या कितीतरी पट असतं. ग्रंथालयातल्या त्या गृहस्थांना आवडलेला सकाळचा उजेड माझ्या तैलचित्रावर होता म्हणून बारा दिवस निभावले. जलरंगावर मी तो कधीच पडू दिला नसता. हे सगळं आमचं काम आहे. आम्हाला ते येतं. तुम्ही नकार द्यायच्या आधी फक्त विचारा, "ओलीचं काय करणार?" उत्तर देता आलं नाही तर खुशाल हाकलून द्या.

चोरीचं काय, हा पुढचा प्रश्न. त्यावर मला तोमास हिर्शहॉर्न या कलावंताचं २००४ मधलं काम आठवतं. पॅरिसबाहेर ओबेरव्हिलिए इथे, गरिबांच्या वसाहतीच्या मोठ्या इमारतींच्या पायथ्याशी, त्याने लाकूड-प्लॅस्टिकची एक कामचलाऊ वास्तू उभी केली आणि तिला तात्पुरतं संग्रहालय म्हटलं. आत काय? ड्यूशाँ, मालेविच, मोंद्रियान, लेजे, दाली, वॉरहोल अशा आठ जगप्रसिद्ध कलावंतांची अस्सल कामं, पॅरिसच्या पाँपिदू सेंटर या आधुनिक कलेच्या संग्रहालयासारख्या संस्थांकडून उसनी आणलेली. आठ आठवडे, दर आठवड्याला एक कलावंत. ती कामं हाताळायला, लावायला, त्यांची राखण करायला वसाहतीतलेच तरुण. त्यांना त्यासाठी रीतसर शिकवून तयार केलेलं. ज्यांच्यापासून चित्रं सांभाळायची असं लोक कुजबुजत असतात, त्यांच्याच हाती त्याने राखण दिली. हे वाचल्यावर माझ्यासारखीच्या कॅनव्हाससाठी "सुरक्षेची जबाबदारी कोण घेणार" असं विचारणारं पत्र आलं की मला जरा हसू येतं. माझं चित्र कुणी चोरलंच, तर ती माझी पहिली निर्विवाद दाद असेल.

अनौपचारिक जागेचे गोडवे गाताना आमच्यातलेही काहीजण एक चूक करतात, ती इथे सांगायला हवी. काहींनी अशी जागा निवडली होती, काहींवर ती आली होती. १९७४ च्या सप्टेंबरमध्ये मॉस्कोच्या कडेच्या एका मोकळ्या पटांगणात ऑस्कर राबिन आणि त्यांच्या मित्रांनी चित्रं हातात धरून उभं राहायचं ठरवलं, कारण सरकारी दालनांची दारं त्यांना बंद होती. त्यांच्यावर बुलडोझर आणि पाण्याच्या गाड्या घातल्या गेल्या. चित्रं चिरडली. बाहेर इतका गवगवा झाला, की दोनच आठवड्यांनी दुसऱ्या एका उद्यानात चार तास प्रदर्शनाला परवानगी द्यावी लागली आणि हजारो माणसं लोटली. बीजिंगमध्ये १९७९ च्या सप्टेंबरात 'तारे' या गटातल्या तरुणांनी राष्ट्रीय कलासंग्रहालयाच्या आत नाही, तर बाहेरच्या कुंपणाच्या गजांना आपली चित्रं टांगली. दोन दिवसांनी पोलिसांनी ती उतरवली. पुढच्याच वर्षी त्याच गटाचं प्रदर्शन त्याच संग्रहालयाच्या आत भरलं.

त्या कुंपणाला रोमँटिक म्हणायची माझी हिंमत नाही. ज्यांनी चित्रं तिथे टांगली त्यांना आत जायचं होतं. त्यांच्यापुढे माझी मागणी अगदीच क्षुल्लक आहे, आणि त्यामुळेच ती नाकारायला तुमच्याकडे एवढं मोठं कारण नसावं.

आता एक अवघड मुद्दा, जो तुमच्यातल्या मालकांना उद्देशून आहे. तुमच्यापैकी काहीजण अलीकडे फारच उत्साहाने "या, या, कलावंतांनी या" म्हणू लागले आहेत. मला त्या उत्साहाची भीती वाटते. न्यूयॉर्कच्या सोहो भागात कारखाने उठले, रिकाम्या माड्यांवर चित्रकार शिरले, १९७१ मध्ये त्यांच्या तिथे राहण्याला नियमांत जागा मिळाली. मग दालनं आली, मग महागडी दुकानं आली आणि भाडी अशी चढली की चित्रकारांना उठावं लागलं. लंडनच्या पूर्व भागातही थोड्याफार फरकाने हेच झालं. आम्ही येतो, दिवे लावतो, जागेला जरा नाव येतं, आणि मग आम्हालाच दाखवलं जातं की दार कुठे आहे. तुम्हाला हा इतिहास फायद्याचा हिशेब वाटत असेल. मला तो आमच्याच हातून झालेल्या मूर्खपणाचा वाटतो, कारण आपण गेलो ते गेलोच, आपल्यामुळे तिथले आधीचे भाडेकरूही गेले.

आणि दुसरा प्रकार, फुकटच्या सजावटीचा. एका कार्यालयाने त्यांच्या मार्गिकेत आमची चित्रं लावून घेतली. महिन्याभराने कुणी मोठे पाहुणे यायचे होते, तेव्हा माझ्या मैत्रिणीचं एक चित्र "जरा उदास वाटतं" म्हणून आम्हाला न विचारता उतरवून फाइलींच्या कपाटामागे उभं करून ठेवलं. चौकटीचा कोपरा दुभंगला. दुरुस्तीचा विषय काढला तर म्हणाले, "तुम्हाला प्रसिद्धी मिळाली ना?" प्रसिद्धी! त्या मार्गिकेतून दिवसभरात जे जात ते सगळे मान खाली घालून, रजेच्या अर्जाचा विचार करत जात.

याच्या उलट टोकाला जपानच्या नाओशिमा बेटावरचं एक घर आहे, त्याची आठवण काढली की मला बरं वाटतं. तिथल्या ओस पडलेल्या जुन्या घरांत कलाकृती मांडायचं काम १९९८ मध्ये सुरू झालं. पहिल्या घरात तात्सुओ मियाजिमाने अंधाऱ्या खोलीत पाण्याचं तळं केलं आणि पाण्याखाली एकशे पंचवीस आकडे लुकलुकत ठेवले. कुठला आकडा किती वेगाने पळायचा हे त्याने ठरवलं नाही. ते बेटावरच्या एकशे पंचवीस रहिवाशांनी ठरवलं, प्रत्येकाने एकेक. म्हणजे त्या पाण्यात कुणा म्हातारीचा आकडा सावकाश चालतो आणि कुणा पोराचा पळत सुटतो. ते घर पाहायला लांबून माणसं येतात, पण ते पहिल्यांदा बेटावरच्यांचं आहे.

तर मग मला नेमकं काय हवंय, ते रोखठोक सांगते.

खोली आहे तशी हवी. तारखा कागदावर हव्यात, सुरुवातीच्या आणि शेवटच्याही. शेवटची तारीख आली की आम्ही खिळ्यांची भोकं बुजवून निघू. मधल्या काळात तुमचा विचार बदलला तर आम्हाला फोन करा, चित्राला हात लावू नका. चित्रं कुठली ते आम्ही ठरवू. तुम्हाला एखादं खरोखरच खटकलं, तर येऊन आमच्याशी भांडा. अशा भांडणांतून मी कलाशाळेपेक्षा जास्त शिकले आहे. त्या खोलीत किंवा तिच्या वाटेवर रोजचं जे काही चालतं ते चालू राहू दे: मुलं ओरडत पळू देत, सफाई करणाऱ्या बाईंची बादली कोपऱ्यात राहू दे. उद्घाटन नको, फीत नको, हार तर मुळीच नको, ओल्या फुलांचं पाणी चौकटीवर ठिबकतं. वीजबिल आमच्याकडे. आणि आठवड्यातून निदान तीन दिवस तरी संध्याकाळी आठ ते दहा दार उघडं ठेवायची मुभा. त्या दोन तासांसाठी शिपायांना थांबवू नका, त्यांना घर आहे. आमच्यापैकी एकजण बसेल.

तुमच्या त्या जावक क्रमांकाच्या पत्राचं उत्तर म्हणून मी अर्ज पुन्हा जोडते आहे, तोच, तारखा तेवढ्या पुढे ढकलून. सोमवारी मोजपट्टी आणि प्लॅस्टिकचा तुकडा घेऊन मी खाली येऊन थांबते. खिडकीशेजारच्या भिंतीला तो दोन दिवस चिकटवून ठेवायचा आहे, ओल आहे का ते पाहायला. वर यायला कुणाला वेळ नसेल तर किल्ली तेवढी खाली पाठवा. आणि खुर्च्या हलवू नका, त्या कुठे ठेवायच्या ते मी आधी बघते.

आपली,
एक चित्रकर्ती